घरातील सायकल दुरुस्ती : अवजारांची खरेदी आणि साठवण

बंगळुरूहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या नंदी हिल्स येथे रविवारी पहाटे सायकलस्वारांची रीघ लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील शहरातून निघून १,४७८ मीटर उंचीचे शिखर गाठणे हा या शहरातील सायकलस्वारांचा नित्याचा परिपाठ झाला आहे. चढताना कस लागतो तो पायांचा आणि फुप्फुसांचा. उतरताना मात्र सारी भिस्त ब्रेकवर असते. सलग वळणांच्या त्या उतारावर ब्रेकची केबल सैल निघाली किंवा झिजलेल्या पॅडमधील धातू रिमला घासू लागला, तर जवळपास दुरुस्तीचे दुकान नसते आणि त्या क्षणी त्याचा उपयोगही नसतो. हा दोष आदल्या रात्री घरी पाच मिलिमीटरच्या एका ॲलन कीने दूर झाला असता, असे अनेकदा दिसून येते.

घरी अवजारे ठेवण्याची गरज २०२० मध्ये विशेष जाणवली. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीत दुरुस्तीची दुकाने बंद राहिली. पुढे निर्बंध शिथिल होताच सायकलींची मागणी वाढली आणि अडगळीत पडलेल्या अनेक सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या. एकीकडे पंप व पत्र्याची पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर मोठ्या शहरांतून दिसेनासा होत आहे, तर दुसरीकडे गिअर, डिस्क ब्रेक व हलक्या धातूंच्या सायकलींना लागणारी अवजारे त्याच्या पेटीत असतातच असे नाही. त्यामुळे घराच्या गॅलरीत किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात छोटी कार्यशाळा थाटण्याकडे अनेकांचा कल आहे. त्यासाठी काय घ्यावे, कोठे घ्यावे आणि घेतलेले कसे टिकवावे, याची माहिती येथे देत आहोत.

कारखान्यांचे आणि सायकलींचे शहर

बंगळुरूचा अवजारांशी असलेला संबंध जुना आहे. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सरकारी उद्योग एकापाठोपाठ उभे राहिले. या कारखान्यांतील असंख्य कामगार सायकलीने ये-जा करीत. पाना, कानस आणि मोजमापाची शिस्त त्यांच्या हातात मुरलेली असल्याने सायकलीची किरकोळ दुरुस्ती दुकानात नेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि तिला माल पुरवणाऱ्या बाजारपेठांमुळे आजही या शहरात हातअवजारांची उपलब्धता चांगली आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नव्या सायकलस्वाराला हा बाजार बहुधा ठाऊक नसतो. तो थेट संगणकावरून अवजारांचा तयार संच मागवतो.

आधी सायकल ओळखावी

तयार संच घेण्यात एक अडचण असते. चाळीस अवजारांच्या पेटीतील पंधरा अवजारे आपल्या सायकलीला लागूच पडत नाहीत आणि नेमके हवे असलेले एखादे त्यात नसते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी अर्धा तास सायकलीजवळ बसून तिची मापे एका वहीत लिहून ठेवणे श्रेयस्कर.

पहिले माप टायरचे. त्याच्या बाजूवर ४०-६३५, २८-६२२ अशी आकड्यांची जोडी उमटवलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर बसणारा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. जुन्या दणकट काळ्या सायकलीचे ‘२८ इंची’ टायर ६३५ मिलिमीटरचे असते, तर रोड सायकलीचे टायर ६२२ मिलिमीटरचे. तेही अनेकदा ‘२८ इंची’ म्हणूनच विकले जाते. डोंगरी सायकलीचे जुने २६ इंची माप ५५९ मिलिमीटर असते. इंचांवर विसंबून टायर आणल्यास परत करण्याची वेळ येते.

दुसरी नोंद व्हॉल्व्हची. काळ्या सायकलीचा डनलॉप व्हॉल्व्ह, मोटारसायकलीसारखा जाड श्रेडर आणि रोड सायकलीचा बारीक प्रेस्टा असे तीन प्रकार आपल्याकडे आढळतात. पंप घेताना त्याचे तोंड यांपैकी कशाला बसते हे पाहावे.

तिसरी बाब मागच्या चाकावरील दात्यांच्या चकत्यांची असून सर्वाधिक चुकीची खरेदी येथेच होते. अनेक स्वस्त गिअरच्या सायकलींना फ्रीव्हील असते, तर महागड्या सायकलींना कॅसेट असते. दोन्ही दिसायला सारखी, पण काढण्याची अवजारे निराळी. ओळखण्याची खूण सोपी आहे. चाक स्थिर धरून चकत्या उलट्या फिरवाव्यात. मधोमध अवजार बसण्यासाठी असलेली खाच चकत्यांबरोबर फिरली तर ती कॅसेट समजावी. खाच जागच्या जागी राहिली तर ते फ्रीव्हील होय. कॅसेटसाठी लॉकरिंग उघडणारे अवजार आणि चकत्या धरून ठेवणारा साखळीचा दांडा अशी दोन अवजारे लागतात. फ्रीव्हीलला त्याच्या खाचेप्रमाणे एकच काढणी पुरते, मात्र ती नेमक्या खाचेची असावी लागते.

पहिली खरेदी

सुरुवातीला ॲलन कीचा उत्तम संच घ्यावा. आधुनिक सायकलीचे बहुतेक काम ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या तीन किल्ल्यांवर चालते. क्रँकसाठी कधी ८ मिलिमीटरची, तर डिस्क ब्रेकच्या चकतीसाठी टी-२५ या ताराकृती तोंडाची किल्ली लागते. येथे काटकसर करू नये. मऊ पोलादाची किल्ली कोपऱ्यांवर गोल होते आणि जाता जाता बोल्टचे तोंडही गोल करून ठेवते. मग शंभर रुपये वाचवल्याची किंमत ड्रिल लावून बोल्ट काढण्यात मोजावी लागते. यासाठी आयात मालच हवा असे नाही. नाशिक येथे कारखाना असलेल्या टपारिया कंपनीने १९६९ मध्ये स्वीडनमधील कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातअवजारांचे उत्पादन सुरू केले. तिचे पाने, पकडी आणि ॲलन की देशभर मिळतात आणि घरगुती वापराला त्या पुरेशा ठरतात.

काळ्या सायकलीसाठी मात्र ॲलन कीचा फारसा उपयोग नाही. तिला दुतोंडी पाने, रिंग पाने, हातोडी आणि क्रँकची कॉटर पिन ठोकताना खाली आधार देणारा लाकडी ठोकळा लागतो. आधार न देता पिनेवर घाव घातल्यास तो थेट आतील छर्ऱ्यांवर आणि त्यांच्या वाटीवर बसतो.

यानंतर पंप. दाबमापक असलेला, पायाने धरून उभ्याने मारायचा पंप हा दर आठवड्याला वापरात येणारा एकमेव जिन्नस आहे. पंक्चरसाठी टायर काढण्याचे दोन-तीन पट्टे, खरकागद, ठिगळे आणि सोल्युशनची छोटी नळी पुरते. सोल्युशनची मोठी बाटली स्वस्त पडते, परंतु एकदा उघडल्यावर ती सुकू लागते. सोल्युशन लावल्यानंतर ते हाताला कोरडे लागेपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबावे. घाईत ओलसर सोल्युशनवर लावलेले ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटते.

साखळी तोडण्या-जोडण्याचे अवजार दुसऱ्या टप्प्यात घेतले तरी चालते, पण साखळीची झीज मोजणे पहिल्याच महिन्यापासून सुरू करावे. त्यासाठी साधी पोलादी पट्टी पुरते. साखळीच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे नव्या साखळीत चोवीस अंतरे मोजली की बरोबर बारा इंच भरतात. हे माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की साखळी बदलावी. आठव्या भागाइतके वाढेपर्यंत थांबल्यास मागच्या चकत्याही झिजलेल्या असतात आणि साखळीच्या कितीतरी पट खर्च येतो.

ब्रेक आणि गिअरच्या केबलसाठी खास कातर घ्यावी. साध्या पकडीने केबल कापल्यास तिचे तंतू सुटतात आणि ती आवरणात शिरत नाही. पॅडलसाठी १५ मिलिमीटरचा पाना लागतो. येथे नवख्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. क्रँकच्या मधल्या धुऱ्याची उजवीकडील वाटी, इंग्लिश पद्धतीच्या आट्यांच्या सायकलींत, तशीच उलट फिरते. ‘निघत नाही’ म्हणून ज्या बाजूला जोर लावला जातो, ती अनेकदा आवळण्याची बाजू असते. पॅडल काढताना साखळी पुढच्या मोठ्या चकतीवर ठेवावी. पाना सटकला तर बोटे दात्यांवर आपटत नाहीत.

हँडल आणि सीटच्या नळीचे बोल्ट किती आवळावेत हे हलक्या सायकलींवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेले असते आणि ते बहुधा ५ च्या आसपास असते. कार्बनचे भाग असतील तर टॉर्क पाना घ्यावाच. पोलादी सायकलीसाठी तो आवश्यक नाही. रिमचा आउट काढण्यासाठी आऱ्यांच्या निप्पलच्या मापाची किल्ली पुरते. चाक सायकलीतच ठेवून ब्रेक पॅडच्या अंतरावरून आउट पाहता येतो. एका वेळी पाव फेरा, याहून अधिक नाही.

सायकल अडकवण्याचा स्टँड ही चैन वाटते, पण नियमित काम करणाऱ्याच्या कमरेला तोच तारतो. त्याच्या चिमट्यात सायकल सीटच्या नळीला धरावी, पातळ चौकटीला नव्हे. सायकल उलटी करून हँडलवर उभी करण्याची आपली जुनी सवय साध्या सायकलीला चालून जाते. द्रव दाबाच्या ब्रेकमध्ये मात्र त्यामुळे हवेचे बुडबुडे नळीत शिरू शकतात.

बंगळुरूचा बाजार

हातअवजारांसाठी शहराच्या जुन्या पेठेकडे वळावे. सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एस. पी. रोड, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. त्याला लागून असलेल्या एस. जे. पी. रोडच्या परिसरात हातअवजारे, नट-बोल्ट, छर्रे, व्हाइस आणि कारखानी सामान मिळते. मेट्रोच्या हरित मार्गिकेवरील चिक्कपेटे व कृष्णराजेंद्र मार्केट या स्थानकांवरून तेथे चालत जाता येते. गल्ल्या अरुंद असल्याने चारचाकी नेण्याच्या भानगडीत पडू नये. भाषेची अडचण भासत नाही. कन्नड, दख्खनी, तमिळ आणि हिंदी या सर्व भाषांत तेथे व्यवहार चालतो. जुना बोल्ट किंवा छर्रा सोबत न्यावा आणि शक्यतो व्हर्निअर कॅलिपरही खिशात ठेवावा. छर्ऱ्यांच्या मापात किंचित फरक असला तरी चाक एक तर जड फिरते किंवा डुलते.

याच भागात रविवारी सकाळी जुन्या मालाचा बाजार भरतो. हातोडी, व्हाइस, रिंग पाने, कानशी अशी अवजारे जुनी घेण्यास हरकत नाही. चांगले पोलाद गंजाखाली शाबूत असते. जुना टॉर्क पाना मात्र घेऊ नये. तो कोणी कसा वापरला हे कळत नाही आणि त्याने दाखवलेल्या आकड्यावर विसंबणे हे अवजार नसण्यापेक्षा घातक ठरते.

केवळ सायकलीसाठीच असलेली अवजारे जुन्या पेठेत क्वचितच मिळतात. त्यासाठी सायकलींची आधुनिक दुकाने किंवा खेळसामानाची मोठी दालने बघावीत. फ्रान्सच्या डेकॅथलॉन कंपनीने भारतातील आपले पहिले दालन २००९ मध्ये बंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर उघडले होते. जगभरच्या व्यावसायिक कारागिरांत प्रचलित असलेली निळ्या मुठीची अवजारे अमेरिकेतील पार्क टूल या १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची असतात. ती उत्तम आहेत, परंतु आयात असल्याने महाग पडतात. कॅसेट काढण्याचे अवजार वर्षातून दोनदाच लागत असेल तर मध्यम दर्जाचे घेऊन भागते. एकाच वसाहतीतील तीन-चार सायकलस्वारांनी अशी अवजारे वाटून घेण्याची पद्धत सर्वांत शहाणपणाची.

कराच्या दृष्टीनेही एक फरक लक्षात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली व त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाने-पकडींसारख्या हातअवजारांवर तो १८ टक्के आहे. पावती घेण्याचा आळस करू नये, कारण नामांकित कंपन्यांच्या अवजारांची नक्कल बाजारात असते.

साठवण : पाणी, गंज आणि भिंत

अवजारे विकत घेण्यापेक्षा ती टिकवणे अवघड असते, आणि बंगळुरूत त्याचे पहिले कारण जागा हे आहे. बहुमजली इमारतीत राहणाऱ्याला तळघरातील वाहनतळ सोयीचा वाटतो. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात झालेल्या अतिवृष्टीत बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता आणि बाह्य वळण रस्त्याचा परिसर जलमय झाला, तेव्हा अनेक इमारतींची तळघरे पाण्याखाली गेली. गढूळ पाण्यात बुडालेल्या सायकलीचे हब, पॅडल आणि मधला धुरा वरून स्वच्छ दिसले तरी आतील ग्रीस वाहून गेलेले असते. अशी सायकल उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरल्याशिवाय चालवू नये. तळघराखेरीज पर्याय नसेल तर निदान अवजारांची पेटी तेथे जमिनीवर न ठेवता भिंतीवर उंचावर बसवावी किंवा मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत घरात आणावी.

गॅलरीत पावसाची तिरपी झड येते. तेथे उघड्या फळीपेक्षा झाकणाची पेटी किंवा पत्र्याचे छोटे कपाट बरे. बंगळुरूची हवा मुंबई किंवा कोकणासारखी खारी नसल्याने गंज सावकाश चढतो, एवढाच काय तो दिलासा. अवजारे वापरानंतर पुसून त्यांवर तेलाचा पुसट हात फिरवावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. ओली अवजारे कापडात गुंडाळून ठेवू नयेत. कापड ओल धरून ठेवते.

भोकांच्या फळीवर अवजारे टांगण्याची पद्धत दिसायला सुबक आहे आणि तिचा खरा फायदा वेगळाच आहे : प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा फळीवर रंगवून ठेवली की काय हरवले ते एका नजरेत कळते. ज्यांच्याकडे भिंत नाही त्यांनी कॅनव्हासची गुंडाळी वापरावी. नट, वॉशर, छर्रे यांसाठी बिस्किटांचे वा औषधांचे रिकामे डबे चालतात, मात्र डब्यावर माप लिहावे. पाव इंची छर्रे आणि तीन-षोडशांश इंची छर्रे एकदा मिसळले की वेगळे करण्यात संध्याकाळ जाते. नव्या ट्यूबना संगजिऱ्याची पूड चोळून त्या ऊन न लागणाऱ्या जागी ठेवाव्यात. घडीच्या जागी त्या चिरतात, म्हणून अधूनमधून घडी बदलावी.

सायकल भिंतीवर टांगण्यापूर्वी भिंत कशाची आहे याची चौकशी करावी. नव्या इमारतींच्या भिंती अनेकदा पोकळ किंवा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्यांत प्लास्टिकची साधी गिट्टी ठोकून लावलेला आकडा काही दिवस सायकल पेलतो आणि एके रात्री सायकलीसह खाली येतो. अशा ठोकळ्यांसाठी मिळणारे खास अँकर वापरावेत किंवा आकडा काँक्रीटच्या खांबात अथवा तुळईत बसवावा. भाड्याच्या घरात जमिनीपासून छतापर्यंत दाबून बसणारा खांब हा उपाय योग्य.

तेल, रॉकेल आणि आग

साखळीला खोबरेल तेल लावण्याचा प्रघात अजूनही आहे. ते कालांतराने चिकट होते व धूळ धरते. मोटारीचे जुने इंजिन तेलही तसेच. त्यात धातूचे कण असतात. डब्ल्यूडी-४० हा फवारा अनेकजण वंगण समजून वापरतात. त्याच्या नावाचा उगम पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या प्रयोगात आहे. अडकलेला बोल्ट सैल करण्यास किंवा पाणी घालवण्यास तो उपयोगी पडतो, साखळीचे वंगण म्हणून टिकत नाही. कोरड्या महिन्यांत पातळ आणि पावसाळ्यात दाट, अशी साखळीची दोन तेले ठेवली की पुरे. तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर सोडून वरचे तेल पुसून काढावे.

द्रव दाबाच्या ब्रेकसाठी दोन प्रकारचे द्रव असतात : खनिज तेल आणि डॉट. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील रबरी सील खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. शिमानोच्या ब्रेकना खनिज तेल लागते. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि रंग खातो, म्हणून उघडलेली बाटली वर्षानुवर्षे ठेवू नये. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिणे हा साधा उपाय आहे.

साखळी धुतलेले रॉकेल किंवा डिझेल मोरीत ओतणे हा सर्रास चालणारा प्रकार गंभीर आहे. बंगळुरूतील राजकालुवे, म्हणजे पावसाळी नाले, तलावांना जाऊन मिळतात. बेळ्ळंदूर तलावाला फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये लागलेल्या आगींची दृश्ये देशाने पाहिली आहेत. वापरलेले रॉकेल बाटलीत दोन दिवस निवळू द्यावे. वरचे स्वच्छ रॉकेल पुन्हा वापरता येते आणि खालचा गाळ घातक कचऱ्यात द्यावा.

पंक्चरचे सोल्युशन, रॉकेल आणि फवाऱ्याचे डबे ज्वालाग्राही असतात. स्वयंपाकाचा गॅस, देवघरातील समई आणि इन्व्हर्टर यांपासून ते दूर, मुलांच्या हाती न लागणाऱ्या उंचीवर ठेवावेत. घरात विजेवरची सायकल असेल तर तिची लिथियम बॅटरी या कपाटाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या दाराशी चार्जिंगला लावू नये आणि रात्रभर लक्षाविना सोडू नये. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोंबून ठेवण्यापेक्षा पसरून वाळवावीत.

सर्वच कामे घरी करावीत असे नाही. कार्बनच्या चौकटीला गेलेला तडा, चौकटीचे बिघडलेले आटे पुन्हा पाडणे, अतिशय घट्ट बसलेली मधल्या धुऱ्याची वाटी आणि अपघातानंतर वाकलेला पुढचा चिमटा ही कामे अनुभवी कारागिराकडेच न्यावीत. नेताना मापांची वही सोबत असावी; शेवटची साखळी कधी बदलली, कोणता द्रव भरला, कोणता टायर बसवला हे तिच्यात असले की त्याचा अर्धा तास वाचतो आणि चुकीचा सुटा भाग बसत नाही.